घाट उतरल्यावर पुढची डिस्क तापते आणि किंचाळते : डिस्क बदलावी की आधी आणखी काही तपासावे?

हिरण्यकेशी (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १५० सीसीची मोटारसायकल आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि पुढच्या चाकाला एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) अशी तिची रचना आहे. गाडी चाळीस हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे. कोल्हापूरहून आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीकडे आमचे नेहमी जाणे-येणे असते. बहुतेक वेळा मागे पत्नी असते आणि थोडे सामानही असते.

गेल्या काही महिन्यांपासून पुढच्या ब्रेकची काळजी वाटू लागली आहे. आंबोली घाट उतरायला सुरुवात करताना लिव्हर नेहमीसारखा असतो, पण जसजसे खाली यावे तसतसा त्याचा मोकळा खेळ कमी होत जातो आणि पायथ्याजवळ तर बोट टेकवताच ब्रेक धरू लागतो. तेथे गाडी थांबवली की पुढच्या चाकापाशी जळकट वास येतो, डिस्कपासून वीतभर अंतरावर हात धरला तरी धग जाणवते आणि इंजिन बंद करून गाडी ढकलायला गेल्यास ती जड वाटते. अर्धा-पाऊण तास थांबल्यावर लिव्हर पूर्ववत होतो व गाडीही मोकळी होते. याखेरीज शहरात हळू वेगात ब्रेक लावताना पुढून बारीक, तीव्र किंचाळी ऐकू येते.

पुढचे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारे घर्षणाचे तुकडे) दिवाळीत नवे टाकले होते. ते आताच निम्म्याहून अधिक झिजले आहेत आणि आतला व बाहेरचा असे दोन्ही पॅड सारखेच झिजलेले दिसतात. डिस्कवर काही ठिकाणी निळसर झाक आली आहे. गॅरेजमध्ये दाखवले असता "डिस्क वाकली आहे, डिस्क आणि पॅड दोन्ही बदला," असे सांगण्यात आले. मागच्या ब्रेकचे पेडलही अलीकडे खोल जाते आणि दांडीवरचा नट आवळत आवळत जवळजवळ शेवटाला आला आहे.

डिस्क बदलण्यास माझी हरकत नाही, परंतु मूळ कारण दुसरेच असेल तर नवी डिस्कही अशीच तापेल, ही शंका मनातून जात नाही. कोणत्या क्रमाने तपासणी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनाफिटर

आपली शंका रास्त आहे. डिस्क घेण्याची घाई करू नये.

ब्रेक तपासायचा म्हटले की बहुतेक जण तो किती जोरात धरतो एवढेच पाहतात. माझ्या मते पहिला प्रश्न याच्या उलट असला पाहिजे, तो म्हणजे लिव्हर सोडल्यावर ब्रेक पूर्ण सुटतो का. न सुटणारा ब्रेक चालत्या गाडीत सतत थोडा थोडा घासत राहतो, त्यामुळे डिस्क तापते, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, त्या गुळगुळीत पॅडमुळे किंचाळी येते आणि पॅड लवकर संपतात. उष्णता, आवाज आणि झीज या आपल्या तिन्ही तक्रारी म्हणजे बहुधा एकाच दोषाची तीन लक्षणे आहेत.

आपल्या वर्णनात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे गरम झाल्यावर लिव्हरचा खेळ कमी होणे. ब्रेक ऑइलमध्ये पाण्याची वाफ झाली असती किंवा हवा शिरली असती, तर लिव्हर मऊ पडून मुठीपर्यंत आला असता. डिस्क वाकलेली असती, तर लिव्हरमध्ये चाकाच्या फेऱ्यांबरोबर धडधड जाणवली असती. आपल्याकडे लिव्हर घट्ट होत जातो, याचा अर्थ तापून फुगलेल्या ऑइलला परत हँडलवरच्या छोट्या टाकीत जायला वाट मिळत नाही आणि ते पॅड दाबणाऱ्या पिस्टनवरच दाब देत राहते. मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ऑइलवर दाब देणाऱ्या हँडलवरच्या भागात, टाकीच्या तळाशी एक अतिशय बारीक छिद्र असते. लिव्हर पूर्ण सुटलेला असताना ते उघडे असते आणि फुगलेले ऑइल त्यातूनच वर जाते. हे छिद्र कचऱ्याने बुजले, किंवा मास्टर सिलिंडरच्या आतला पिस्टन पूर्ण मागे न आल्यामुळे झाकलेले राहिले, तर ब्रेक स्वतःच स्वतःला लावत जातो.

दोन्ही पॅड सारखे झिजले आहेत, हे निरीक्षणही फार उपयोगाचे आहे. कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा जबडा) ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडल्या किंवा गंजल्या, तर पिस्टनच्या बाजूचा पॅड सहसा जास्त झिजतो किंवा पॅड तिरका झिजतो. तसे झालेले दिसत नाही, त्यामुळे संशय कॅलिपरपेक्षा मास्टर सिलिंडरकडे अधिक जातो.

आता क्रम सांगतो. वर्दळ नसलेल्या सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर गाडी चालवावी, वेग माफक ठेवावा, आणि थांबताना शक्यतो गिअर कमी करून व मागचा ब्रेक वापरून थांबावे. पुढचा ब्रेक न वापरताही डिस्क तापली असेल, तर तो सुटत नाही हे सिद्ध झाले. डिस्कला थेट बोट लावू नये, पाण्याचा एक थेंब टाकून तो चर्रकन उडतो का ते पाहावे. तापलेल्या डिस्कवर बाटलीभर पाणी ओतून ती थंड करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण एकाच बाजूने एकदम गार केलेली डिस्क खरोखरच वाकू शकते.

त्यानंतर ब्रेक चिकटलेला असतानाच गाडी मुख्य स्टँडवर घ्यावी, एकाने मागून भार देऊन पुढचे चाक उचलावे आणि दुसऱ्याने ते हाताने फिरवावे. डिस्कला पॅडचा हलकासा, एकसारखा स्पर्श असणे स्वाभाविक आहे आणि त्याचा बारीक आवाज येतोच. चाक दीड-दोन फेरे मोकळे फिरले तर चिंता नाही. अर्ध्या फेऱ्यातच अडून थांबले, तर पुढील तीन पायऱ्या याच क्रमाने कराव्यात. प्रथम लिव्हरचा मुख्य बोल्ट काढून लिव्हर बाजूला करावा. एवढ्याने चाक मोकळे झाले, तर लिव्हरच पिस्टनला दाबून ठेवत आहे. झाले नाही, तर कॅलिपरवरच्या निपलला (ऑइल बाहेर सोडण्याच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावावी, तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे आणि निपल किंचित सैल करावे. ऑइलची पिचकारी येऊन चाक सुटले, तर दाब वर मास्टर सिलिंडरमध्ये किंवा ब्रेकच्या नळीत अडकलेला आहे. तरीही चाक सुटले नाही, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना जाम आहेत. ऑइल गरम असू शकते आणि रंगावर पडल्यास रंग खाते, म्हणून हातमोजे घालावेत व पाण्याची बादली जवळ ठेवावी.

दोन गोष्टी कळवाव्यात. लिव्हर कधी बदलला होता का? आणि ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले? तोपर्यंत या गाडीने घाट उतरू नये, ही विनंती.

यंत्रशाळा

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. उष्णतेचा हिशोब समोर असला की घाटातच हा दोष का उघड होतो हे नीट कळते, म्हणून थोडी आकडेमोड मांडतो.

गाडी, दोन माणसे व सामान मिळून २९० किलो धरू. ताशी ६० किलोमीटर वेगात या सर्वांची गतिज ऊर्जा सुमारे ४० किलोज्यूल होते. त्या वेगातून एकदा पूर्ण थांबताना जवळपास तेवढी उष्णता ब्रेकमध्ये तयार होते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या डिस्कला सोसावा लागतो. तो २८ किलोज्यूल धरला आणि डिस्क एक किलो वजनाची मानली, तर एका थांबण्याने तिचे तापमान ५५ ते ६० अंशांनी वाढते. सपाट रस्त्यावर पुढच्या थांब्यापर्यंत वाऱ्याने ती बरीच निवते.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. घाटाची उतरण साडेपाचशे मीटर धरली, तर याच २९० किलोंची सुमारे १,५६० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. म्हणजे साठच्या वेगातून ३९ वेळा पूर्ण थांबण्याइतकी उष्णता एकाच उतारात! यातला काही भाग हवेचा विरोध व टायरचे घर्षण घेते. उरलेला इंजिनाने घ्यायचा की ब्रेकने, हे चालवणाऱ्याच्या हातात, खरे तर डाव्या पायात, असते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरणाऱ्याचे ब्रेक वळणापुरतेच लागतात. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा मात्र ही सगळी उष्णता डिस्क आणि ड्रमवर लादतो. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये राहून थ्रॉटल बंद केल्यावर बऱ्याचदा पेट्रोल पुरवठाच थांबवला जातो, त्यामुळे त्या वाचवण्यालाही अर्थ नाही.

न सुटणाऱ्या ब्रेकचे गणित वेगळे आहे. टायरपाशी मोजल्यास दोन किलो वजनाएवढाच, म्हणजे सुमारे २० न्यूटन ओढा शिल्लक राहिला, तरी ताशी ४० किलोमीटर वेगात तो अखंड २२० वॅट उष्णता निर्माण करतो. हा ओढा चालवताना जाणवतही नाही. सपाटीवर डिस्क ती कशीबशी बाहेर टाकते, परंतु घाटात वरून नेहमीच्या ब्रेकिंगची भर पडली की ऑइल तापते, फुगते, ओढा वाढतो आणि त्यामुळे ते आणखी तापते. आपला लिव्हर पायथ्यापर्यंत घट्ट होत जातो तो यामुळे.

ऑइलच्या बाबतीत एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. डॉट ३ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतर हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत खाली आले तरी ते प्रमाणात बसते. आंबोलीसारख्या अतिवृष्टीच्या पट्ट्यातून पावसाळाभर फिरणाऱ्या गाडीचे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायलाच हवे, मग किलोमीटर कितीही झालेले असोत. नवे ऑइलही सीलबंद छोट्या बाटलीतले घ्यावे. गॅरेजच्या फळीवर झाकण अर्धवट लावून ठेवलेल्या डब्यातले ऑइल नवे समजू नये.

तापमान मोजण्यासाठी लेझरची थर्मामीटर बंदूक वापरायची असल्यास एक सावधगिरी घ्यावी. चकचकीत स्टीलवर ती प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते, त्यामुळे एकट्या आकड्यावर विसंबू नये. ब्रेक न वापरता चालवण्यापूर्वी आणि चालवल्यानंतर एकाच जागी मोजून फरक पाहावा, किंवा कॅलिपरच्या काळ्या रंगाच्या अंगावर नेम धरावा.

हिरण्यकेशी

दोघांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी शेजारच्या एका काकांच्या मदतीने सांगितल्याप्रमाणे तपासणी केली.

पुढचा ब्रेक न वापरता सपाट रस्त्यावर चालवल्यानंतर डिस्कवर टाकलेला थेंब लगेच उडून गेला. चाक उचलून फिरवले तर जेमतेम पाव फेरा फिरले. लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर ओढून घेताक्षणी आतला पिस्टन किंचित बाहेर आलेला डोळ्यांना दिसला, आणि त्याच चाकाला काकांनी हात लावला तर ते सहज फिरू लागले. निपल उघडण्याची वेळच आली नाही.

लिव्हर बदलला होता का, हा आपला प्रश्न नेमका निघाला. दिवाळीच्या सुमारास पार्किंगमध्ये कोणाच्या तरी धक्क्याने गाडी पडली व लिव्हर मोडला. तेव्हा गॅरेजमध्ये पॅडबरोबर लिव्हरही बसवला गेला आणि तो मूळ कंपनीचा नव्हता. ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद मला सर्व्हिसच्या पावत्यांमध्ये कोठेच सापडत नाही.

आता नवा लिव्हर घेतला की काम संपले असे समजावे का? निळी पडलेली डिस्क तशीच चालेल का?

जुनाफिटर

निदान झाले, पण काम अजून संपलेले नाही.

जुना मोडका लिव्हर जवळ असेल, तर तो दिवाळीत बसवलेल्या लिव्हरशेजारी ठेवून पिस्टनला टेकणारे नाक पाहावे. स्वस्तातल्या लिव्हरमध्ये हे नाक अर्ध्या-एक मिलिमीटरने लांब असणे अगदी पुरेसे असते. ते कानशीने घासून कमी करण्याचा सल्ला आपल्याला मिळेल, पण तो घेऊ नये. आपल्या मॉडेलचा अस्सल लिव्हर घ्यावा आणि बसवताना बोल्टला व नाकाला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा. बसवल्यावर लिव्हरच्या टोकाशी पिस्टनला टेकण्याआधीची थोडी मोकळी हालचाल जाणवली पाहिजे. त्यानंतर टाकीचे झाकण उघडून लिव्हर अगदी हळू दाबावा. तळच्या बारीक छिद्रापाशी ऑइलची चिमुकली उसळी दिसली, तर छिद्र उघडे आहे. काही गाड्यांत छिद्रावर पातळ पत्रा असतो, तेव्हा तो आधी उचलावा लागतो. उसळी दिसली नाही, तर मास्टर सिलिंडर खोलून धुवावा लागेल.

ऑइल पूर्ण बदलावे. त्यासाठी टाकीवर लिहिलेलाच दर्जा वापरावा. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळेच ऑइल असून ते डॉट ३ किंवा ४ मध्ये कधीही मिसळू नये. एबीएसचा भाग असल्यामुळे हे काम व ब्लीडिंग (नळीतली हवा काढणे) ओळखीच्या, हात बसलेल्या मेकॅनिककडून करून घेतलेले बरे. टाकी काठोकाठ भरू देऊ नये. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतली पातळी आपोआप उतरते, म्हणून कोणी मधल्या काळात वरून ऑइल घातले, तर नवे पॅड बसवताना ते ओसंडते किंवा टाकीत फुगायला जागाच उरत नाही आणि ब्रेक पुन्हा चिकटतो. पातळी अचानक उतरली तर मात्र गळती शोधावी.

कॅलिपर निर्दोष वाटला तरी इतका तापल्यावर तो एकदा खोलून पाहावा. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील दाबाखाली किंचित पिळते आणि दाब जाताच पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. ब्रेक सुटतो तो याच केसभर हालचालीने, त्यासाठी वेगळी स्प्रिंग नसते. वारंवार भाजलेले सील कडक होते आणि हे काम करत नाही. सील किट महाग नसते. पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी त्याची उघडी कड स्वच्छ पुसून घ्यावी, नाहीतर बाहेरची माती थेट सीलमध्ये जाते.

डिस्कबद्दल. निळी झाक म्हणजे ती खूप तापून गेली याची खूण आहे, पण केवळ तेवढ्यावरून ती बाद होत नाही. तडे आहेत का ते छिद्रांच्या कडांपाशी नीट पाहावे, आणि तडा दिसला तर चर्चा न करता बदलावी. मग जाडी मोजावी. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते व तीच मर्यादा धरावी. मोजताना एक चूक सर्रास होते. पॅड जेथे घासतो तो पट्टा खोलगट झालेला असतो, पण बाहेरची कड मूळ जाडीचीच राहते, त्यामुळे व्हर्निअरचे सपाट जबडे कडेवर टेकतात आणि झिजलेली डिस्क नवी असल्यासारखी दिसते. मायक्रोमीटर नसेल, तर एक रुपयाची दोन सारखी नाणी घ्यावीत, आधी ती एकमेकांवर ठेवून जाडी मोजावी, मग डिस्कच्या दोन्ही बाजूंना खोलगट पट्ट्यावर एकेक नाणे धरून एकत्रित माप घ्यावे आणि नाण्यांची जाडी वजा करावी. असे तीन-चार ठिकाणी करावे. कोठे कमी, कोठे जास्त आले, तर धडधड होणारच.

वाकलेपणा डायल गेजने, म्हणजे डिस्क फिरवताना तिचे डगमगणे दाखवणाऱ्या काट्याच्या मापाने मोजतात. गॅरेजने ते मोजून सांगितले होते का, हे अवश्य विचारावे. नुसत्या नजरेने ठरवलेल्या "वाकलेल्या" डिस्कपैकी बऱ्याच डिस्कवर भाजलेल्या पॅडचा थर डागाडागांनी बसलेला असतो, आणि पॉलिश पेपरने तो काढल्यावर त्या ठीक चालतात.

आताचे पॅड मात्र ठेवू नयेत. थोडे शिल्लक असले तरी ते भाजलेले आहेत.

कोकणवाट

मी कुडाळ परिसरात राहतो, त्यामुळे आवाजाबद्दल आमच्या भागातला अनुभव जोडतो. आवाज हा एकच शब्द आपण सगळ्यासाठी वापरतो, पण त्याची जात ओळखली तर अर्धे निदान होते. बारीक, उंच पट्टीची किंचाळी बहुधा कंपनातून येते. तिचे कारण गुळगुळीत झालेला पॅड, पॅडमागचा पातळ पत्रा हरवणे किंवा पॅड दाबून ठेवणारी छोटी स्प्रिंग नसणे, यांपैकी काहीतरी असते. पॅड बदलताना ही स्प्रिंग जुन्या कॅलिपरमध्ये उलटी बसवली जाते किंवा फेकलीच जाते, असे मी पाहिले आहे. खरखरीत, किसल्यासारखा आवाज म्हणजे पॅडचे मटेरियल संपून लोखंड लोखंडावर घासत आहे आणि तेथे एक दिवसही गाडी चालवू नये. चाकाच्या फेऱ्यागणिक एकदाच येणारा घासल्याचा आवाज डिस्कच्या एका जागेकडे बोट दाखवतो. खड्ड्यात खटखट आणि ब्रेक लावताच ती बंद, असे असेल तर पॅड किंवा कॅलिपर पिनांवर सैल आहे.

आमच्याकडच्या जांभ्या मातीचा बारीक चिखल पावसात पॅडमध्ये शिरतो आणि तात्पुरती करकर होते. चार-सहा वेळा हलका ब्रेक लावल्यावर ती गेली, तर काळजी करू नये. पण ब्रेक लावला नसतानाही करकर राहिली, तर खडा अडकला आहे. तो काढलाच पाहिजे, नाहीतर डिस्कवर नखाला लागेल अशी खोल रेघ पडते.

एक गोष्ट मला फार तळमळीने सांगावीशी वाटते. पावसाळ्याआधी गंज धरू नये म्हणून वॉशिंग सेंटरवर गाडीवर डिझेल किंवा जुन्या ऑइलचा फवारा मारून देतात. पत्र्याला त्याचा काही लाभ होत असेल, पण तोच फवारा डिस्कवर आणि पॅडवर बसतो व पुढच्याच चौकात ब्रेक घसरतो. फवारा घ्यायचाच असेल, तर उभे राहून दोन्ही चाके झाकून घ्यावीत. चेनला स्प्रे मारतानाही हीच काळजी घ्यावी. डिस्कवर तेल गेलेच, तर ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. पॅड तेलाने भिजले असतील, तर ते घासून किंवा भाजून वाचवण्याचा प्रयत्न करू नये, कारण आत मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते.

एबीएस आहे म्हणून ब्रेक चांगला, हा समजही येथे दूर करायला हवा. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, हे उत्तमच आहे. ते चाक लॉक होऊ देत नाही. मात्र चिकटलेला कॅलिपर, पाणी शोषलेले ऑइल आणि संपलेला पॅड त्याला दुरुस्त करता येत नाहीत.

हिरण्यकेशी

सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल ऋणी आहे. अस्सल लिव्हर, सील किट, पॅड आणि ऑइल अशी कामे झाली. नाण्यांच्या रीतीने मोजलेली डिस्कची जाडी कोरलेल्या मर्यादेच्या वर भरली, तडा कोठेही नाही, आणि डायल गेजचे मापही मेकॅनिकने मर्यादेत असल्याचे दाखवले. त्यामुळे डिस्क तीच ठेवली आहे. चाक आता हाताने नीट फिरते आणि सपाट रस्त्यावरच्या चाचणीत डिस्क कोमटही झाली नाही.

मागच्या ड्रमचा प्रश्न मात्र राहिला. दांडी ज्याला जोडलेली असते त्या चाकावरच्या ब्रेकच्या आर्मपाशी एक बाण आहे. पेडल पूर्ण दाबल्यावर तो ब्रेक पॅनेलवरच्या खुणेच्या बराच अलीकडे राहतो, म्हणजे लायनर (ड्रमला आतून घासणारे अस्तर) शिल्लक असायला हवेत. तरीही पेडल खोल का जाते आणि नट शेवटाला का आला आहे, हे कळत नाही.

जुनाफिटर

बाण आणि नट यांची साक्ष जुळत नसेल, तर मी आर्म पाहीन. आर्म कॅमच्या दात्यांवर बसतो आणि तो कॅम फिरून लायनर लावलेले शू ड्रमवर दाबतो. लायनर संपत आले की शू बदलण्याऐवजी आर्म काढून एक दाता मागे बसवायचा, म्हणजे नटाला पुन्हा आवळायला जागा मिळते, ही जुनी पळवाट आहे. तसे केल्यावर काही गाड्यांत बाणही आपल्या जागेवरून सरकतो आणि संपलेले लायनर शिल्लक असल्याची खोटी ग्वाही देतो. कॅम आणि आर्म या दोहोंवर कंपनीने ठोकलेले टिंब असते. ती दोन टिंबे समोरासमोर आहेत का ते पाहावे. नसतील, तर बाणावर विश्वास ठेवू नये व चाक काढून लायनरची जाडी प्रत्यक्ष मोजावी. यात खरा धोका पुढे असतो. लायनर अगदी संपल्यावर कॅम इतका फिरतो की तो आडवा होऊन अडकू शकतो, आणि मग चाक लॉक होते किंवा ब्रेक लागतच नाही.

ब्रेक दाबलेला असताना आर्म आणि दांडी यांच्यातला कोन काटकोनाच्या आसपास असावा. तो काटकोनाच्या बराच पुढे गेला असेल, तर पायाचा जोर वाया जातो.

चाक उघडल्यावर ड्रमच्या आतला व्यासही मोजावा. त्याची कमाल मर्यादा हबवर कोरलेली असते किंवा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. १३० मि.मी.च्या ड्रमला ती सहसा १३१ असते. आतली धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसून घ्यावी. कॅमला ग्रीस अगदी चिमूटभर लावावे, जास्त झालेले ग्रीस तापून लायनरवर उतरते. ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जातो, त्यामुळे घाटात मागचे पेडल थोडे खोल जाणे स्वाभाविक आहे, पण आपले पेडल गार असतानाही खोल जाते हे विसरू नये.

नवे शू बसवल्यावर पेडलचा मोकळा खेळ मॅन्युअलप्रमाणे ठेवावा, बहुतेक गाड्यांत तो २० ते ३० मि.मी. असतो. मग चाक फिरवून येथेही ते पूर्ण सुटते ना, याची खात्री करून घ्यावी. पुढचे पॅड आणि मागचे शू असे दोन्ही नवे असल्यामुळे पहिले दोन-तीनशे किलोमीटर शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हलके, पूर्ण न थांबता ब्रेक लावत जावे आणि दोन ब्रेकिंगच्या मध्ये वारा लागून थंड होऊ द्यावे. ते बसेपर्यंत आंबोलीचा घाट उतरू नये. या काळात मागे पत्नीला बसवणेही टाळलेले बरे.